पंचांगातली अमावास्या

दिवेलागणीची वेळ मला नकोशी वाटते. बाकीच्या बायका तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावतात, उंबऱ्यावर पणती ठेवतात आणि लक्ष्मीनं यावं म्हणून दार सताड उघडं टाकतात. मी दार लावून घेते, खिडक्यांच्या जाळ्या चाचपून बघते, पडदे ओढते आणि मगच हॉलमधला दिवा लावते. कुणी विचारलं तर डासांचं नाव पुढे करते. खरं कारण सांगितलं की लोक हसतात, आणि हसणाऱ्या माणसाला दोन शब्द सुनावल्याशिवाय मला राहवत नाही, म्हणून सांगत नाही.

खरं कारण मधमाशी. माझ्या नवऱ्याला मधमाशी चावली तर ते मरू शकतात. डॉक्टरांनी मला हे असंच, आडपडदा न ठेवता सांगितलं होतं.

चांदवडला माझ्या दिरांचं शेत आहे. माघ-फाल्गुनात तिथे कांद्याचे डोंगळे फुलतात. डोंगळे म्हणजे बियाण्यासाठी राखलेल्या कांद्यावर येणारे पांढऱ्या फुलांचे गेंद. त्यांवर मधमाश्या फिरल्या तरच बी भरतं, म्हणून त्या दिवसांत फवारणीचं नाव काढायचं नाही आणि माशीला कुणी हात लावायचा नाही, असा त्या घरचा दंडक. नवऱ्याची सगळी नोकरी नाशकात गेली, तरी डोंगळे फुलले की त्यांचा पाय इथे ठरत नाही. त्या वर्षी ते सकाळी एकटेच शेतात शिरले आणि मानेवर एक माशी चावून घेऊन बाहेर आले. एकच. मी काळजी केली तर म्हणाले, "काय नाय होत. लहानपणी लय खाल्ल्यात असल्या."

ते बाभळीखाली जाऊन बसले. मी चहा घेऊन गेले तेव्हा त्यांच्या अंगावर गांधी उठल्या होत्या, ओठ सुजले होते, आणि मी कप पुढे केला तर त्यांना 'दे' म्हणता येईना. आवाजच फुटत नव्हता. दिरांनी त्यांना पिकअपमध्ये घातलं. हायवेवरच्या दवाखान्यापर्यंत मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि सारखी त्यांच्या नाकापुढे बोट धरत होते. इंजेक्शन दिल्यावर थोड्याच वेळात त्यांच्या ओठांचा निळेपणा गेला. डॉक्टर म्हणाले, लहानपणी चावलेल्या माश्यांचा काही उपयोग नाही, शरीर कधीही उलटतं, आणि पुढच्या वेळी ते याहून लवकर उलटेल.

मग त्यांनी मला काचेच्या छोट्या तपकिरी कुप्या दिल्या, सुई-सिरिंज दिली, कुपीची मान कशी मोडायची आणि औषध मांडीत कसं द्यायचं ते शिकवलं. कुपी तपकिरी का, असं मी विचारलं. म्हणाले, या औषधाला उजेड सोसत नाही. शेवटी म्हणाले, "द्यायला उशीर करू नका. आणि उगाचही देऊ नका, त्यांना ब्लडप्रेशर आहे, हृदयावर ताण येईल." इकडे आड तिकडे विहीर. मी ते सगळं एका जुन्या कंपासपेटीत भरलं. नवऱ्यानं तिचं नाव 'सौभाग्यपेटी' ठेवलं. पाहुण्यांसमोर विचारायचे, "सौभाग्यपेटी घेतली का गं?" आणि स्वतःच हसायचे. मला असा राग यायचा की वाटायचं, द्यावं आत्ताच टोचून.

आम्ही गंगापूर रोडच्या एका गल्लीत पाचव्या मजल्यावर राहतो. माशी चांदवडला, आपण इथे, असं म्हणत मी पावसाळा काढला. नवरात्रात एका सकाळी दूध घ्यायला दार उघडलं तर समोरच्या काकू म्हणाल्या, "वर बघितलंत का? आग्या मोहोळ बसलंय." आमच्यावर दोन मजले सोडून, गच्चीच्या छज्ज्याखाली, काळंभोर काहीतरी लोंबत होतं. मोठ्या परातीएवढं. मध्येच त्याच्या अंगावरून एक लाट जायची आणि ते पुन्हा गप्प व्हायचं. माझ्या हातातली पिशवी निसटली आणि दूध जिन्यावरून खाली गेलं.

सोसायटीची मीटिंग झाली. मोहोळ घराला शुभ असतं, असं एकाचं मत. मोहोळ काढणाऱ्या माणसाला फोन लावला, तर तो दिवाळी झाल्याशिवाय यायला तयार नव्हता. मी उठून तावातावानं बोलले. मतदान घ्यायचं ठरलं, आणि दिवाळीपर्यंत थांबायच्या बाजूनं जे हात वर झाले त्यांत माझ्या शेजारी बसलेला एक हात माझ्या नवऱ्याचा होता.

घरी आल्यावर मी तोंडाचा पट्टा सोडला. ते शांतपणे म्हणाले, "धूर करून जाळतात गं ते लोक. बिचाऱ्या डोंगळ्यावर जायच्या माश्या. आणि आपण खिडकी लावतोच की." मी म्हटलं, "तुमचा जीव काय डोंगळ्यावर ओवाळून टाकायचा आहे?" त्यावर ते हसले. त्यांच्या त्या हसण्याची मला माशीइतकीच भीती वाटू लागली होती. ज्याला भीती नाही त्याची राखण कशी करायची?

एक समाधान होतं. माशी दिवसा उडते आणि रात्री झोपते असं मी समजत होते. म्हणून दिवसभर घर बंद आणि संध्याकाळनंतर उघडं, असा मी नेम केला. म्हणजे नेमकं उलटं. हे मला कोजागिरीला कळलं.

गच्चीवर सगळे जमले होते. चंद्र वर आला होता, गच्चीचे दिवे मुद्दाम घालवले होते, आणि चंद्राचे किरण पडावेत म्हणून मसाला दुधाचं पातेलं मध्यभागी उघडं ठेवलं होतं. गप्पांच्या खाली एक आवाज येत होता. पंखा चालू असावा तसा. कुणाच्या लक्षात आला नाही, कारण कुणी माझ्यासारखं कान टवकारून बसलेलं नव्हतं. मी कठड्याकडे बघितलं तर छज्ज्याखालून काळे ठिपके निघत होते, चांदण्यात सरळ रेषेत गंगापूर धरणाच्या दिशेला जात होते आणि तिकडून परतही येत होते. रात्री! मी नवऱ्याचा दंड धरला. तेवढ्यात एका बाईनं दुधात केशर नीट उतरलं का बघायला मोबाइलची बॅटरी लावली. एक माशी सरळ रेष सोडून त्या उजेडाभोवती भेलकांडली, उलटी झाली आणि पातेल्यात पडली. नवरा पातेल्यापासून हातभर अंतरावर बसला होता.

मी त्यांना ओढत खाली आणलं. जिन्यात ते म्हणाले, "कोजागिरीला नवऱ्याला दूध न पिऊ देता घरात कोंडणारी बाई पयल्यांदाच बघतोय." मी त्यांना आत ढकललं आणि आधी दार लावलं.

त्यानंतर मी वाचायला बसले. मी शाळेत भूगोल शिकवते. कीटक हा माझा विषय नाही, पण भीतीइतका कडक मास्तर दुसरा नाही, आणि त्यानं मला आठवडाभरात पुष्कळ शिकवलं. माशीचा मोठा डोळा म्हणजे हजारो बारीक डोळे शेजारी शेजारी बसवलेले असतात, आणि त्यातला प्रत्येक आकाशाचा आपला तेवढा तुकडा बघतो. कपाळावर आणखी तीन साधे डोळे असतात. आग्या माशीचे हे तिन्ही डोळे साध्या मधमाशीपेक्षा मोठे. उजेड कमी झाला तरी ती उडणं थांबवत नाही, फक्त सावकाश उडते, म्हणजे थोडा थोडा उजेड डोळ्यांत साठायला वेळ मिळतो. ओळखीची झाडं, इमारतींच्या कडा, मावळतीकडचा उरलासुरला फिकटपणा, एवढ्यावर ती घर गाठते. अर्ध्याहून मोठा चंद्र असला तर तिला रात्रीही दिसतं.

दिव्याजवळ त्या अशा वेड्यासारख्या का करतात, हेही वाचलं. उडणाऱ्या किड्याला वर कुठे आणि खाली कुठे हे कळायला पायाखाली जमीन नसते. पण रात्रीसुद्धा आकाश जमिनीपेक्षा जरा उजळ असतं, म्हणून तो उजेडाकडे पाठ करून उडतो. पाठ उजेडाला, पोट जमिनीला. लाखो वर्षं हा हिशेब चुकला नाही. मग वाटेत आपली ट्यूबलाइट येते. किडा तिलाच आकाश समजून तिच्याकडे पाठ करायला वळतो, पुन्हा वळतो, फिरतच राहतो, आणि दिवा खाली आला तर उताणा होऊन पडतो. जिन्यातल्या ट्यूबखाली मी हे डोळ्यांनी बघितलं. एक माशी दिव्याच्या वरून गेली, जणू कुणी कानाखाली मारावी तशी उलटली आणि फरशीवर आपटली. मग ती पायांनी सरपटू लागली. रागावलेली, थकलेली, आणि नांगी शाबूत असलेली. मला तिची दयाही आली, हे खोटं कशाला बोलू? पण दया आली म्हणून भीती कमी झाली नाही.

सह्याद्रीच्या जंगलात एक मोठा भुंगा आहे, तो म्हणे चंद्र नसतानाही उडतो. हे वाचून त्या रात्री मला झोप लागली नाही. पण आमच्या छज्ज्याखाली भुंगे नव्हते, आग्या माश्या होत्या, आणि त्यांना चंद्र लागत होता. चंद्र म्हणजे माझा विषय. वर्गात संत्रं आणि बॅटरी घेऊन चंद्राच्या कला शिकवण्यात माझी हयात गेली आहे. मी कॅलेंडर काढलं. पौर्णिमेनंतर चंद्र रोज उशिरा उगवणार, रोज लहान होणार. अष्टमीनंतर संध्याकाळी चंद्र नाहीच. तसंच झालं. रोज दिवेलागणीला मी बंद काचेआडून वर बघत होते. मावळतीचा उजेड संपेपर्यंत एखादी चुकार माशी परत यायची, ती पोचली की मोहोळ निपचित. चतुर्दशीला तर मी बाल्कनीत उभी राहिले, अंधारात, स्वतःच्या धैर्याचं कौतुक करत.

आणि लक्ष्मीपूजन अमावास्येला. वर्षातल्या ज्या एका संध्याकाळी घर अंधारात ठेवता येत नाही, त्याच संध्याकाळी आकाशात चंद्र नाही. पूर्वजांनी माझ्यासाठीच ही सोय करून ठेवली आहे असं मला वाटलं. मी नवऱ्याला म्हटलं, "यंदा आकाशकंदील लावा. दार उघडं ठेवा. हवं ते करा." त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं.

संध्याकाळी हॉलमध्ये चौरंग मांडला. केळीच्या पानावर लाह्या-बत्तासे, धणे-गूळ, शेजारी पाण्याचा कलश, नवी केरसुणी. समई लावली, दोन निरांजनं लावली. चौरंगाखाली मी गुपचूप कंपासपेटी सरकवली, सवयीनं. नवरा सोवळं नेसून पाटावर बसला, वर उघडा. बाल्कनीचं सरकतं दार त्यांनी स्वतः उघडलं. म्हणाले, "लक्ष्मी काय लिफ्टनं येणार हाय का?" मी हसले. किती महिन्यांनी हसले असेन. बाल्कनीत केशरी आकाशकंदील हलत होता आणि मला कशाचीही भीती वाटत नव्हती.

खाली मुलं भुईनळे लावत होती. धूर वर चढत होता. मी नैवेद्याचं ताट आणायला स्वयंपाकघरात गेले, तेव्हा एक बाण शिट्टी मारत वर गेला आणि छज्ज्यापाशी फुटला. पाठोपाठ तो आवाज आला. कोजागिरीचा. पण त्या दिवशी तो पंख्यासारखा होता, आज कुणीतरी मोठं लुगडं टर्रकन फाडत नेल्यासारखा.

मी बाहेर आले. बाल्कनीच्या दारातून आकाश दिसत होतं आणि ते काळं नव्हतं. समोरच्या इमारतीवर लाल-हिरव्या माळा, रस्त्यावर दिवे, गच्च्यागच्च्यांवर रोषणाई, आणि त्या सगळ्याचा उजेड धुरात अडकून वर गढूळ पिवळं आभाळ झालं होतं. त्या संध्याकाळी अमावास्या फक्त पंचांगात होती. शहरात नव्हती. मी चंद्राचा हिशेब केला होता, आमचा केलाच नव्हता. आकाशकंदिलाच्या कागदावर एक सावली आली, माशीपेक्षा कितीतरी मोठी. मग पाच-सहा. मग कागद दिसेनासा झाला. आणि त्या आत आल्या.

"हलू नका!" मी ओरडले. "अजिबात हलू नका!"

नवरा पळीत पाणी घेऊन तसाच थांबला. जिन्यातल्या ट्यूबचा उजेड येऊ नये म्हणून मी पुढचं दार लोटलं. मेन स्विच त्या दाराशेजारीच आहे, तो खाली ओढला. ट्यूब गेली, आकाशकंदील गेला. तळपायाला निखारा टेकल्यासारखं झालं. मी एकीवर पाय दिला होता. ओरडले असते तर ते उठून माझ्याकडे धावले असते, म्हणून मी पदर तोंडात कोंबला. आता घरात उजेड फक्त चौरंगावर होता, त्यांच्या गुडघ्यांपासून वीतभर अंतरावर, आणि हॉलमधली प्रत्येक माशी तिकडे वळली होती. समईच्या ज्योतीभोवती त्या गरगरत होत्या आणि त्यांच्या सावल्या नवऱ्याच्या उघड्या छातीवरून फिरत होत्या.

मी गुडघ्यांवर सरकत पुढे गेले. माझा हात कलशाकडे जाताना पाहून ते ओठ न हलवता म्हणाले, "अगं, आज नको. लक्ष्मीपूजन हाय."

आमच्याकडे दिवा विझला असं म्हणत नाहीत. दिवा मोठा झाला म्हणतात. बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. जे व्हायला नको त्याचं नावही घ्यायचं नाही, अशी आमची रीत. मी कलशात हात बुडवला आणि निरांजनं विझवली, समईची एकेक वात चिमटीत धरून विझवली. मोठी केली नाही. विझवली, आणि मी तोच शब्द वापरणार आहे.

अंधार झाला. खरा अंधार नव्हे. समोरच्या माळांचा लाल-हिरवा उजेड बाल्कनीच्या काचेवर होता. आवाज त्या बाजूला सरकू लागला. त्यांचं आकाश आता तिकडे होतं. पण ज्या फरशीवर पडल्या होत्या त्या सरपटत होत्या, आणि केळीच्या पानावर काहीतरी चालत असल्याची कुरकुर मला ऐकू येत होती.

मी हळू विचारलं, "अहो, चावली का?"

उत्तर नाही.

"अहो. कुठे चावली का?"

चांदवडलाही असंच झालं होतं. आधी आवाज गेला होता.

मी चौरंगाखाली हात घालून पेटी ओढली. अंधारात कुपी चाचपली, तिची मान पदरात धरून मोडली. काच बोटात शिरली. सुई कुपीत घातली, दट्ट्या ओढला, औषध आलं की नुसती हवा आली ते कळायला मार्ग नव्हता. मग मी सिरिंज हातात घेऊन बसले आणि जन्मात कधी घाबरले नसेन इतकी घाबरले. त्यांचा घसा मिटत असेल तर हा प्रत्येक क्षण उशीर होता. आणि मिटत नसेल, तर मी हे औषध त्यांच्या ब्लडप्रेशरवर ओतणार होते. कळायला फक्त त्यांचा चेहरा दिसायला हवा होता. मोबाइल माझ्या मांडीशी होता. बॅटरी लावली की मला चेहरा दिसला असता, आणि हॉलमधली प्रत्येक माशी त्या चेहऱ्यावर आली असती. एवढासा जीव, राईएवढा मेंदू, आणि तिला या अंधारात दाराची कड दिसत होती, काच दिसत होती. मला एका हातावरचा माझा नवरा दिसत नव्हता.

मी मोबाइल दूर सारला. रिकामा हात पुढे केला आणि त्यांच्या छातीवर ठेवला. छाती वरखाली होत होती. भराभर, पण होत होती. सिरिंज मी त्यांच्या मांडीला टेकवून धरली आणि श्वास अडतोय का याची वाट बघू लागले. अशी वाट शत्रूलाही बघायला लागू नये.

तेवढ्यात समोर आभाळात मोठा बाण फुटला. पांढरा. सगळा हॉल क्षणभर उजळला आणि मला दिसलं. ओठ सुजलेले नव्हते. ओठांवर माशी होती. खालच्या ओठाच्या कडेला, पंख मिटून, मिशीच्या केसांत पुढचे पाय अडकवून बसली होती. म्हणून ते बोलत नव्हते. त्यांचे डोळे माझ्याकडे लागले होते, माझ्या हातातल्या सुईकडे. मग पुन्हा काळोख.

मी सुई बाजूला घेतली. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. फुंकर घातली तर चावेल, हात लावला तर चावेल. माणसाच्या श्वासाची ऊब लागली की माशी चिडते हे मी वाचलं होतं, आणि ते नाकानं किती जपून श्वास सोडत होते हे मला तळहाताखाली कळत होतं. बाहेर पुन्हा उजेड झाला. माशी बाल्कनीच्या दिशेनं वळली होती. अंधार. मग हिरवा उजेड. तिनं पंख उघडले होते. मी लक्ष्मीला काही मागितलं नाही, तिचे दिवे मीच विझवले होते. मी त्या बाण लावणाऱ्या पोरांना मनातल्या मनात विनवत होते, आणखी एक लावा रे, आणखी एक. त्यांनी लावला. उजेड पडला तेव्हा ओठांवर काही नव्हतं.

"गेली," ते म्हणाले. आवाज स्वच्छ होता. त्यांचा.

बाल्कनीतला आवाज हळूहळू समोरच्या माळांकडे ओढला गेला आणि पातळ झाला. मग मी फरशीवर सरपटणाऱ्या माश्या टॉवेलनं बाल्कनीत लोटल्या आणि भिंतीच्या कडेनं जाऊन सरकतं दार लावलं. वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडून विचारत होतं, सगळे ठीक ना. मी ठीक म्हटलं. तळपाय ठणकत होता, बोटातून रक्त येत होतं, आणि आता माझ्या जिभेवर महिन्याभराचं बोलणं गोळा झालं होतं. मतदानाचा हात, सौभाग्यपेटी, लिफ्टनं येणारी लक्ष्मी, सगळं. दिवा लागला की मी सुरू करणार होते. भिंत चाचपत मी पुढच्या दाराशी पोचले आणि मेन स्विचवर बोट ठेवलं.

मागून एक आवाज आला. मला आधी वाटलं, माशी राहिली. मग कळलं. पाटावर बसलेला तो माणूस तोंडावर सोवळ्याचा सोगा दाबून रडत होता. दबून, हुंदका गिळत, मला ऐकू जाऊ नये असं. मध्येच स्वतःशीच म्हणाले, "लय भ्यालो रे देवा. रोजच भितो." आणि पुन्हा सोगा दाबला.

मला अंधारात काही दिसत नव्हतं, तरी सगळं वर्ष दिसलं. मी एकटीच घाबरते आहे असं समजून मी त्यांच्यावर किती चिडले होते! त्यांनीही मला तसंच समजू दिलं होतं. मला वाटलं, जाऊन त्यांना जवळ घ्यावं. पण मग मी ऐकलं हे त्यांना कळलं असतं, आणि उद्यापासून त्यांना हसता आलं नसतं.

मी दाराशीच उभी राहिले, स्विचवर बोट ठेवून. त्यांनी नाक ओढलं, डोळे पुसले, घसा खाकरून बघितला, एकदा, पुन्हा एकदा.

"काय गं," ते मोठ्यानं म्हणाले, "लक्ष्मीला अंधारातच जेवायला वाढणार काय?"

मग मी दिवा लावला.